‘शी’ : नाम की उद्गार?

दिवाळी अंक हा चकलीचा तुकडा मोडत आणि चहाचा घोट घेत वाचायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. तेव्हा या लेखाचा विषय पाहून ज्यांचा हात ताटाशी थबकेल त्यांनी आधी फराळ उरकून घ्यावा आणि मग निवांतपणे इकडे वळावे. ज्यांच्या घरी दीड ते साडेतीन वर्षांचे मूल आहे त्यांना मात्र ही सूचना लागू नाही. त्यांचे फराळ, जेवण आणि झोप ही तिन्ही या विषयाच्या सान्निध्यातच चालू असतात. ऐन लक्ष्मीपूजनाच्या वेळी आतल्या खोलीतून “आई, झाली!” अशी हाक येणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

विषय असा, की लंगोटातले, किंवा आजच्या भाषेत डायपरमधले मूल संडासात जायला कसे शिकवावे, आणि ते साफ ‘नाही’ म्हणत असेल तर काय करावे. हा प्रांत वास्तविक बालरोगतज्ज्ञांचा. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईने त्यात पडण्याचे कारण एक शब्द आहे. तो शब्द म्हणजे ‘शी’.

शाळेत आपण सर्वांनी केवलप्रयोगी अव्यये पाठ केली आहेत. हर्ष झाला की ‘वा’, शोक झाला की ‘अरेरे’, आणि तिरस्कार वाटला की ‘शी’, ‘छी’, ‘थू’. व्याकरणाच्या पुस्तकात ‘शी’ची जागा ही एवढीच. घरात मात्र तिला स्त्रीलिंगी नामाचाही दर्जा आहे. बाळाला शी येते, बाळ शी करते, कधी बाळाची शी पातळ होते आणि मग सगळ्या घराचे तोंड उतरते. म्हणजे वस्तूचे नाव आणि त्या वस्तूची किळस, ही दोन्ही कामे आपण एकाच अक्षराकडून करून घेतो. बारशाला मुलाचे नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचा असतो. ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत मराठीत फरक काय तो वचनाचा. एकात मान आहे, दुसऱ्यात अपमान. या एका शब्दात मात्र दोन्ही विधी एकाच मुहूर्तावर उरकलेले आहेत. ‘शू’चे तसे नाही. तो बिचारा नुसता आवाज आहे, त्यात कोणाचा राग नाही की लोभ नाही.

मोठ्या माणसांनी स्वतःसाठी केलेली सोय पाहावी. कोणी परसाकडे जाते, म्हणजे घराच्या मागच्या अंगाला. कोणी बहिर्दिशेस जाते, म्हणजे नुसते बाहेरच्या दिशेला. खेड्यात कोणी झाड्याला बसते. शाळेत करंगळी वर केली की गुरुजी समजतात. सभ्य माणसाला लघुशंका येते, जणू काही व्याख्यानानंतर विचारायची बारीकशी अडचण! आणि सर्वांत प्रतिष्ठित शब्द ‘शौच’. त्याचा मूळ अर्थ शुचिता, पावित्र्य. पतंजलीने योगसूत्रांत जे पाच नियम सांगितले त्यांत पहिला शौच. क्रियेनंतरच्या धुण्याचे नाव आपण क्रियेलाच देऊन मोकळे झालो. थोडक्यात, मोठ्यांनी आपल्यासाठी दिशा, झाड, शंका आणि पावित्र्य हे सारे शब्द राखून ठेवले आणि पोराच्या हाती काय दिले, तर ‘शी!’

आता हा नुसता शब्दच्छल आहे असे कोणी म्हणेल. तसा तो नाही, हे मला गेल्या वर्षभरात माझ्या भाच्याकडून कळले. त्याची हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी या शिक्षणाचा थोडा इतिहास पाहणे बरे, कारण प्रत्येक घरात या प्रश्नावर जो वाद होतो तो दोन पिढ्यांचा असतो, आणि दोघींचेही अर्धे अर्धे खरे असते.

घरोघरच्या आजीबाईंचे म्हणणे ठरलेले असते. “आमच्या वेळी मुले वर्षाच्या आत सांगायची. तुम्ही ती प्लॅस्टिकची चड्डी बांधून ठेवता, मग मूल कशाला सांगेल?” आजी म्हणते ते खोटे नाही. जुन्या नऊवारीची आणि धोतरांची चिरगुटे, लंगोट आणि दुपटी हीच तेव्हाची सामग्री. श्रावणात वलणीवर ती वाळत नसत. मग शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवावी लागत, आणि घरभर दमट उबेचा एक खास वास भरून राही. एवढे कष्ट वाचावेत म्हणून बायकांनी एक विद्या कमावली होती. ती म्हणजे बाळाला पायांवर घेणे. आजी पाटावर बसायची, दोन्ही पावले किंचित अंतरावर ठेवायची, त्या पावलांवर बाळाला बसवून पाठीला आपल्या नडग्यांचा आधार द्यायची आणि तोंडाने हळूच “शू ऽ ऽ” असा आवाज काढायची. वेळाही ठरलेल्या. बाळ झोपून उठले की एकदा, दूध प्याल्यावर पाचदहा मिनिटांनी एकदा. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, ही गोष्ट आज शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडते. आजीला ती पुस्तकाशिवाय ठाऊक होती.

आणि ही विद्या काही एकट्या महाराष्ट्राची नव्हे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर डिगो नावाचे लोक राहतात. त्यांच्या बालसंगोपनाविषयीचा एक अभ्यास १९७७ साली अमेरिकेतील बालरोगशास्त्राच्या मासिकात प्रसिद्ध झाला. डिगो आई जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला पाय पसरून पायांच्या मध्ये धरते आणि “शूस” असा आवाज काढते. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास मूल त्या खुणेला बरोबर प्रतिसाद देऊ लागते. कुठे आमची कोकणातली मोरी आणि कुठे केनियाचा किनारा! ‘शू’ मात्र तीच.

पण आजीने सांगितलेल्या अर्ध्या सत्यात उरलेले अर्धे असे, की सहा महिन्यांचे बाळ ‘शिकते’ ते आईच्या किंवा आजीच्या भरवशावर. बाळाचा चेहरा लाल झाला, ते एकदम गप्प झाले, पाय आखडले, या खुणा ओळखणारे माणूस दिवसभर त्याच्यापासून हातभर अंतरावर असेल तरच हे जमते. या विद्येची किंमत म्हणजे एका बाईचा अख्खा दिवस. ज्या घरातून आई सकाळी सव्वाआठच्या लोकलने जाते आणि बाळ पाळणाघरात दहा मुलांबरोबर वाढते, त्या घराला ‘आमच्या वेळी’चा हा दाखला देणे मला न्यायाचे वाटत नाही.

डायपर जन्माला आला तोही एका आजोबांच्या वैतागातून. प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकन कंपनीत व्हिक्टर मिल्स नावाचे एक रसायन-अभियंते होते. नातवंडाचे लंगोट धुण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा. १९५६ च्या सुमारास त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना वापरून टाकून देता येईल असा लंगोट तयार करायच्या कामाला लावले आणि १९६१ मध्ये ‘पॅम्पर्स’ बाजारात आले. त्यानंतर १९८० च्या दशकात त्यात स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून घेणारी पूड घालण्यात आली. येथे खरा फरक पडला. कापडी लंगोट ओला झाला की बाळाला थंड लागते, ते कुरकुरते, आणि ‘आपण काहीतरी केले’ हे त्याला कळते. नव्या डायपरमध्ये करूनही कोरडेच! आईच्या झोपेसाठी ही गोष्ट देणगीसारखी असली तरी मुलाचा धडा तेवढा लांबणीवर पडतो.

तिकडच्या पंडितांची मतेही या शंभर वर्षांत झोपाळ्यासारखी हलली आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारच्याच पुस्तिकांतून आयांना सांगितले जाई, की जन्मानंतर थोड्याच दिवसांत शिकवायला लागा, घड्याळ लावून बसवा, आणि गरज पडली तर साबणाची कांडी वापरा. आपल्याकडे विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून तोच प्रयोग होत असे, त्यामुळे आपण फार हसू नये. मग १९६२ मध्ये टी. बेरी ब्रेझल्टन या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातल्या ११७० मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. मूल तयार दिसेल तेव्हाच सुरुवात करावी, ते विरोध करील तेव्हा थांबावे, असे त्यांचे म्हणणे. त्या मुलांना दिवसाचा ताबा यायला सरासरी साडेअठ्ठावीस महिने लागले होते. पुढे १९७४ मध्ये अझ्रिन आणि फॉक्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एका दिवसाच्या आत मूल तयार करून देण्याचे पुस्तक लिहिले. तेही धडाक्याने खपले. माणसाला घाई किती असते याचा तो पुरावा मानावा. आज बहुतेक डॉक्टर ब्रेझल्टन यांच्या बाजूला झुकलेले आहेत. मूल नीट चालते, स्वतः बसते-उठते, दोनेक तास कोरडे राहते, साधी सूचना ऐकते आणि चड्डी खाली ओढू शकते, एवढे दिसले की सुरुवात करायला हरकत नाही. दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान कधीतरी हा योग येतो. बहुतेक मुले तिसऱ्या वर्षाच्या आगेमागे तयार होतात, आणि ती कशी झाली हे नंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही.

लक्षात राहतात ती उरलेली. आता माझ्या भाच्याकडे वळू.

माझा धाकटा भाऊ आणि भावजय ठाण्याला राहतात. आई त्यांच्याकडेच असते. गेल्या फेब्रुवारीत भाचा पावणेतीन वर्षांचा होता. भावजयीला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, जूनमध्ये मुलाला बालवाडीत घालायचे ठरलेले, आणि बालवाडीच्या अर्जात ‘मूल स्वतः सांगते काय?’ असा एक रकाना. शू तो आठवड्याभरात शिकला होता. खिडकीतल्या तुळशीला घालण्याइतक्या अभिमानाने तो शू करी. पण शीचे नाव काढले की घरात महाभारत. त्याला डायपर हवा असे. तो बांधला की तो हॉलमधल्या पडद्याआड जाई, खिडकीचा गज धरी आणि “बघू नका!” असे ओरडे. डायपर दिला नाही तर तो करतच नसे; एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी पोट नगाऱ्यासारखे, जेवण बंद, आणि शेवटी रडत-ओरडत जे व्हायचे ते होई. त्यात थोडे रक्तही दिसले, तेव्हा सगळ्यांचा धीर सुटला. आई म्हणाली, “लाडावलाय.” भाऊ म्हणाला, “हट्टी आहे.” भावजय काहीच म्हणाली नाही, ती मोरीत जाऊन रडली.

हा हट्ट वाटतो, पण तो हट्ट नव्हे, हे पालकांनी समजून घेण्याजोगे आहे. मोठ्या आतड्याचे कामच असे, की तेथे थांबलेल्या मळातले पाणी ते शोषून घेत राहते. मुलाने एकदा शी रोखली की ती कडक होते. कडक शी बाहेर येताना दुखते, कधी गुदद्वाराला चीर पडते. दुखले की मूल पुढच्या वेळी आणखी रोखते. असे काही आठवडे चालले की मलाशय ताणून मोठे होते आणि भरल्याची जाणीवच मंदावते. मग कडक मळाच्या बाजूने पातळ शी नकळत चड्डीत झिरपते, आणि घरची माणसे समजतात की पोराला जुलाब झालेत किंवा ते आळस करते. त्याला रागे भरणे म्हणजे नाक वाहते म्हणून मारण्यासारखे आहे. मूल पाय आवळून, टाचा उचलून, तोंड लाल करून उभे राहते ते पाहणाऱ्याला कुंथणे वाटते. पुष्कळदा ते रोखणे असते.

असे मूल विरळाही नाही. फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या ४८२ मुलांवर ब्रूस टॉबमन या बालरोगतज्ज्ञांनी केलेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. शू जमते, पण शीला साफ नकार, अशी अवस्था निदान महिनाभर टिकलेली मुले त्यात शंभरात बावीस निघाली. म्हणजे पाचांत एक. धाकटे भावंड असलेल्या घरांत हे प्रमाण अधिक होते. आणखी एका पाहणीत असे दिसले, की जी मुले लपून शी करतात त्यांच्यात नकार आणि बद्धकोष्ठ दोन्ही जास्त. पडद्यामागचा भाचा मला तेथे ओळखीचा वाटला.

आणि मग २००३ मधला तो प्रयोग, ज्याने माझे कान टवकारले. टॉबमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पालकांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मूल डायपरमध्ये शी करते तेव्हाही त्याचे कौतुक करा. दुसरी, शीबद्दल बोलताना घाण, वास, किळस असे शब्द वापरू नका. या उपायाने नकार देणाऱ्या मुलांची संख्या काही घटली नाही. पण ज्यांनी नकार दिला त्यांचा नकार लवकर सुटला, आणि त्या घरांतली मुले लवकर तयार झाली. इंग्रजी बोलणाऱ्या आईला त्यासाठी काही शब्द टाळावे लागले. मराठी आईने काय टाळावे? तिच्या भाषेत तर वस्तूचे नावच धिक्कार आहे!

भाच्याच्या घरी मी दोन दिवस नुसती कान देऊन बसले. जमिनीवर पडलेला बिस्किटाचा तुकडा त्याने उचलला, “टाक, शी आहे ती.” चपलेच्या तळव्याला हात लावला, “शी!” पाल दिसली, “शी ऽ ऽ!” बाबांच्या मोज्यांना वास आला, “शी, धुवायला टाक.” आणि याच दोन दिवसांत त्याला सुमारे वीस वेळा विचारण्यात आले, “सोन्या, शी आली का रे?” त्या पोराने काय समजावे? टाकण्याजोगे, पळण्याजोगे, हात लावू नये असे जे जे जगात आहे ते आपल्याच पोटातून निघते, आणि सगळ्यांना ते बघायचे आहे! फ्रॉइडने मुलाच्या दृष्टीने शी ही त्याने दिलेली पहिली भेट असते असे लिहून ठेवले आहे. शौचाच्या शिस्तीवरून माणसाचा आयुष्यभराचा स्वभाव ठरतो, हा त्याच्या परंपरेतला सिद्धान्त आज फारसे कोणी धरून बसत नाही. पण भेटीची गोष्ट मला पटते. भेट देणाऱ्याच्या तोंडावर ‘शी!’ म्हटले तर त्याने पुढच्या वेळी ती पडद्याआड न्यावी, हे स्वाभाविकच नव्हे काय?

डॉक्टरांनी भाच्याला तपासले आणि पहिले काम काय सांगितले, तर पॉटी माळ्यावर टाका. दुसरे, डायपर परत द्या. चार दिवस रोखण्यापेक्षा रोज डायपरमध्ये झालेली बरी. तिसरे, शी मऊ ठेवणारे औषध सुरू केले आणि ते काही महिने चालेल, बरे वाटले म्हणून मध्येच थांबवू नका, असे बजावले. जेवणात भाज्या, फळे, डाळी, भरपूर पाणी. दुधाचे पेल्यावर पेले कमी. आईने एरंडेलाचा विषय काढला तेव्हा ते हसून म्हणाले, “आजी, आधी दुखणे विसरू दे. त्याला दुखत नाही हे त्याच्या शरीराला पटायला वेळ लागतो.” भावजयीने बालवाडीच्या रकान्याबद्दल विचारले. “दुपारी साडेबाराला घरी येणाऱ्या मुलाची शी संध्याकाळपर्यंत थांबू शकते,” असे उत्तर मिळाले.

शब्दाचे काम माझ्याकडे आले. मी आधी दुसरा शब्द शोधला. ‘शौच’ पावणेतीन वर्षांच्या तोंडी शोभेना. ‘परसाकडे’ म्हणावे तर सातव्या मजल्यावर परस कोठून आणायचे? ‘दोन नंबर’ म्हटले की आमच्या आईला काळाबाजार आठवे. आणि बालवाडीतल्या बाईंना, शेजारच्या काकूंना, पाळणाघराला सगळ्यांना नवा शब्द शिकवायचा कोणी? शेवटी नाम तसेच ठेवले आणि उद्गार रद्द केला. म्हणजे ‘शी’ या शब्दाचा घरात एकच अर्थ राहील: पोटातून येते ती. बिस्किट पडले तर ‘कचऱ्यात टाक’, चप्पल असेल तर ‘घाण लागेल’, पाल असेल तर नुसती ‘पाल’. आईला हे सर्वांत जड गेले. सत्तर वर्षांची सवय. पहिला आठवडा ती ‘शी’ म्हणायला तोंड उघडी आणि मध्येच ‘अगंबाई’ म्हणून थांबे. त्यामुळे त्या आठवड्यात घरात पालीपासून मोज्यांपर्यंत सगळ्यांनाच फार कौतुकाने हाक मारली जात होती.

बाकीची वाटचाल पायरीपायरीने झाली, आणि ती जगभर वापरली जाणारी आहे. आधी डायपर पडद्याआड नाही, तर मोरीत बांधायचा. उभे राहून कर, पण तेथे. दोन आठवड्यांनी, डायपर बांधूनच कमोडचे झाकण लावून त्यावर बसायचे. मग झाकण उघडे, त्यावर लहान मुलांची बैठक, डायपर तसाच. मग डायपर सैल, मग नुसता मांडीखाली. प्रत्येक पायरीवर तो जेथे अडे तेथे सगळे थांबत. शी डायपरमध्ये झाली की ती त्याच्यासमोर कमोडमध्ये टाकायची आणि पाणी ओढायचे काम त्याचे. पाण्याच्या त्या आवाजाला तो आधी घाबरे, म्हणून पहिले काही दिवस तो बाहेर गेल्यावरच पाणी ओढले जाई. मोठ्यांना हे भय हास्यास्पद वाटते. पण आपल्याच उंचीचे पांढरे भांडे एकाएकी गर्जना करून आपल्यातला एक भाग गिळते, हे दृश्य त्याच्या जागी राहून पाहावे.

येथे बैठकीविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण हल्लीच्या फ्लॅटमध्ये कमोडशिवाय दुसरे काही नसते. मोठ्यांच्या कमोडवर बसवलेल्या मुलाचे पाय लोंबकळतात. पाय टेकलेले नसले की मूल पडण्याच्या भीतीने अंग आवळून बसते, आणि आवळलेल्या अंगाने हे काम होत नाही. आपली उकिडवी बैठक यासाठी उत्तम होती. मलाशयाच्या शेवटच्या वळणाभोवती एक स्नायू असतो. आपण ताठ बसतो तेव्हा तो वळण वाकडे धरून ठेवतो, आणि गुडघे वर आले की ढिला पडतो व वाट सरळ होते. तेव्हा कमोडपुढे एक पाट ठेवावा, गुडघे कमरेच्या वर येतील इतका उंच. भाच्याच्या पायांखाली आमच्या आजीच्या वेळचा सागवानी पाट आला. एका बाजूचे पाय जरा झिजलेले असल्याने तो डुगडुगे, म्हणून भावाने खाली रबराचा तुकडा चिकटवला. रोज न्याहारीनंतर पाच मिनिटे, हाती चित्रांचे पुस्तक, झाली तर झाली. पाचाची पंधरा मिनिटे करू नयेत. मुलाला ती शिक्षा वाटते.

किळस टाळायची म्हणजे स्वच्छता सोडायची, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. ‘लहान मुलाची शी काही घाण नसते’ ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे. मोठ्यांच्या मळातून पसरणारे जुलाबाचे रोगजंतू मुलांच्या मळातूनही पसरतात, त्यामुळे ती संडासातच गेली पाहिजे आणि नंतर मुलाचे व मोठ्यांचे, दोघांचेही हात साबणाने धुतले गेले पाहिजेत. भाच्याला ‘हात धू, शी लागली असेल’ असे सांगत; स्वर मात्र ‘हात धू, लाडू खायचाय’ म्हणतानाचा. सगळे त्या स्वरातच आहे.

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली. अर्जातल्या रकान्यात भावजयीने ‘शू सांगतो’ एवढेच खरे लिहिले, आणि बाईंनी काही खळखळ न करता मुलाला घेतले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, डायपर न लावता बसलेला असताना, पाटावर पाय टेकून, तो एकदाचा बोलला, “पडली.” सगळे घर मोरीच्या दाराशी गोळा झाले. त्याने खाली वाकून नीट पाहिले आणि पाणी ओढताना हात हलवून तिला निरोप दिला. पेढे वाटायचे आईच्या मनात होते. भावजयीने तिला आवरले. कौतुक फार मोठे झाले की मूल उद्या पुन्हा तेच जमेल की नाही या धास्तीने अडते, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. औषध मात्र अजून चालू आहे.

रात्रीचे प्रकरण वेगळे, आणि त्याची कोणी घाई करू नये. दिवसा मूल शिकते. रात्री शरीर शिकते, आणि त्यावर मुलाचा काही अधिकार नसतो. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी पंधरा-एक मुले तरी अंथरूण ओले करतात, त्याला रोग समजत नाहीत. बापही लहानपणी भिजवीत असे, हे आजीकडून हळूच विचारून घ्यावे. पुष्कळदा ते निघते. गादीवर मेणकापड, त्यावर जुनी चादर, झोपण्यापूर्वी एकदा शू, एवढे पुरे.

गोकुळाष्टमीच्या सुमारास भाच्याला बहीण झाली. अशा वेळी शिकलेले मूल पुष्कळदा मागे जाते, तसा तोही गेला. आठ दिवस त्याने बहिणीसारखा लंगोट मागितला आणि कोणी काही न बोलता त्याला तो दिला. नवव्या दिवशी त्याला त्याचा कंटाळा आला. बाराव्या दिवशी बारसे होते. पाळण्यापाशी बायका गोळा झालेल्या, माझ्या हातात नाव लिहिलेला कागद, आणि नेमक्या त्या वेळी बाळीने दुपटे भरवले. जमलेल्यांतल्या कोणीतरी नाकाला पदर लावून ‘शी’ म्हटलेच. भाचा तिच्याकडे वळून म्हणाला, “हो, शी झाली,” आणि लंगोट आणायला आत गेला.